स्कोपचे क्लिक खरे किती?

प्रश्न : शंभर मीटरवर माझ्या रायफलचा झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवणी) पक्का असतो, पण स्कोपच्या (रायफलवरच्या दुर्बिणीच्या) घुंडीचे क्लिक, म्हणजे मार वर-खाली सरकवणारे टप्पे, हिशेबाने चढवूनही तीनशेवर गोळी खाली लागते. स्कोप कसा तपासावा? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : झिरो पक्का असला, म्हणजे क्लिकही खरे असतात असे नाही. उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ आखून, टेपने नेमके १०० मीटर मोजून (पावलांनी मुळीच नको), तळाच्या ठिपक्यावरच नेम ठेवत ०.१ मिलचे (मिल हे कोनाचे माप; ०.१ मिल म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर) ५० क्लिक चढवले, तर गोळ्यांच्या गटाचा मध्य ५० सेंटिमीटर वर यायला हवा. तो ४९ वर आला, तर स्कोप २ टक्के कमी देतो. गट रेघ सोडून बाजूला सरकत गेला, तर स्कोप तिरका बसला आहे. मात्र तीनशे मीटरसाठी चढवलेल्या क्लिकांत २ टक्क्यांचा फरक जेमतेम सेंटिमीटरभराचा पडतो. गोळी त्याहून बरीच खाली लागत असेल, तर आधी काडतुसातून सुटणाऱ्या गोळीचा वेग तपासावा.