एक्लिप्सच्या सेटिंग पॉम फाइलमध्ये टाकाव्यात का?

तुम्ही विचारलंय की टीममध्ये कोड लिहायला कुणी एक्लिप्स वापरतं, कुणी इंटेलिजे. एक्लिप्स पॉम फाइलवर, म्हणजे प्रोजेक्ट कसा बिल्ड करायचा हे मेव्हनला सांगणाऱ्या फाइलवर, लाल खूण दाखवतं आणि "मीच पॉममध्ये लिहून देतो" म्हणतं. तर हो म्हणावं का, आणि नाही म्हटलं तर ती सेटिंग ठेवायची कुठे?

हो म्हणू नका. पॉम सगळ्यांची आहे, एडिटर ज्याचा त्याचा. कुठे ठेवायची ते पुढे सांगते, पण आधी हे वाचा. तुमच्या प्रश्नात "आमचे सर म्हणतात, काय फरक पडतो" असं एक वाक्य आहे. तसंच एक वाक्य मीही ऐकलेलं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढच्या एका गावात राहते आणि इथूनच काम करते. आमचं सॉफ्टवेअर जिनिंगच्या वजनकाट्याचं. भरली गाडी काट्यावर आली की सिरियल पोर्टवरून वजन घ्यायचं, कापूस खाली करून गाडी परत आली की रिकामं वजन घ्यायचं आणि शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायची. भाषा जावा, आणि कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधायला मेव्हन. बाकीची टीम पुण्यात. माझा लॅपटॉप चार जीबीचा, त्यावर एक्लिप्स उघडून काम होत नाही, म्हणून मी साधा एडिटर आणि कमांड लाइन वापरते. कामात मी कधी कुणाच्या मागे राहिलेली नाही.

इथे लाइन कधी जाईल आणि नेट कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून दारव्ह्याला गेलं की तिथल्या चांगल्या नेटवर मी मेव्हनचं गो-ऑफलाइन चालवून घेते. सगळे जार (तयार लायब्ररी), सगळे प्लगिन (बिल्डची कामं करणारे जोड-प्रोग्रॅम) एकदा मेव्हनच्या एम-टू फोल्डरमध्ये उतरले की पुढे घरी मायनस-ओ लावून नेट नसतानाही बिल्ड होतो. गावातून काम करणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावावी.

त्या वर्षी सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन वेचणी सुरू झाली होती, जिनिंगवर गाड्या लागायच्या बेतात होत्या आणि पावतीचा नवा नमुना द्यायचा होता. मी ताजा कोड ओढला, गो-ऑफलाइन चालवलं आणि ते पडलं. 'लाइफसायकल-मॅपिंग १.०.०' नावाचा कुठलातरी प्लगिन मिळत नाही म्हणे. मी सिनियरना फोन केला. त्यांनी एरर पूर्ण ऐकूनही घेतली नाही. "तुमच्या तिकडे नेटच नसतं, त्यामुळे होतंय. एम-टू फोल्डर उडव आणि परत डाउनलोड कर."

त्यांच्या सांगण्यावरून फोल्डर उडवला. तोवर मी घरी पोचले होते. गावातल्या नेटवर, दीराच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेऊन, गच्चीवर बसून सगळे जार पहिल्यापासून उतरवले. मध्ये लाइन गेली. काट्यावरच्या पोराचा फोन आला, "ताई, उद्या सकाळीच गाड्या लागून रायल्या, नवी पावती कवा देता?" आणि शेवटी तीच एरर, त्याच जागी.

मग मी ती ओळ सावकाश वाचली. तुम्हीही वाचायला शिका. नेटचा दोष असला तर मेव्हन 'कुड नॉट ट्रान्सफर आर्टिफॅक्ट' म्हणतं आणि मागे टाइमआउट किंवा होस्ट सापडत नसल्याचं लिहितं. माझ्या स्क्रीनवर 'कुड नॉट फाइंड आर्टिफॅक्ट' होतं, पुढे सेंट्रलचा, म्हणजे मेव्हनच्या सार्वजनिक कोठाराचा, पत्ता. म्हणजे माझं नेट सेंट्रलपर्यंत पोचलं होतं आणि ही वस्तू आपल्याकडे नाही असं उत्तर तिथून आलं होतं. नसणारच. त्या नावाचा खरा प्लगिन नाहीच. एक्लिप्सने स्वतःच्या वाचण्यापुरतं ठेवलेलं ते नाव आहे.

कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारं गिट ब्लेम लावलं. ओळी सिनियरच्याच. आमची पॉम कॉपी-डिपेंडन्सीज हा गोल, म्हणजे प्लगिनचं एक ठरलेलं काम, वापरून सगळे जार लिब फोल्डरमध्ये टाकते, कारण जिनिंगच्या कॉम्प्युटरवर तो फोल्डरच न्यावा लागतो. त्या गोलवर एक्लिप्सने लाल खूण दिली, यांनी क्विक फिक्स दाबलं आणि पॉममध्ये त्या लाइफसायकल-मॅपिंगच्या नावाचा पंचवीसेक ओळींचा तुकडा आला. तो प्लगिनमॅनेजमेंटमध्ये, म्हणजे पॉमच्या नुसत्या सेटिंग नोंदवून ठेवायच्या भागात, होता तोवर माझं अडलं नव्हतं, कारण तिथलं नुसतं नाव मेव्हन सहसा शोधायला जात नाही. नंतर कधीतरी, बाकीचे प्लगिन खाली आहेत तसा हाही असावा म्हणून, त्यांनी खालच्या प्लगिन्समध्ये, म्हणजे खरोखर वापरायच्या यादीतही, त्याची नोंद केली. त्यांना कळलंच नाही, कारण ते जार एक्लिप्समधूनच एक्सपोर्ट करायचे. कमांड लाइनवर मेव्हन चालवणारी मी एकटी.

त्या ओळी काढल्या, बिल्ड झाला, सकाळी पावती निघाली. मी ग्रुपवर सगळं लिहिलं तर सिनियरचं उत्तर आलं, "तू एक्लिप्स टाकलं असतंस तर हे झालंच नसतं."

या वाक्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. सामाईक विहिरीवर एका भावाने फक्त आपलीच मोटर बसेल असा कठडा बांधायचा आणि दुसऱ्याला म्हणायचं की तूही तीच मोटर घे, असं आहे ते. मी कुठला एडिटर वापरते हा प्रश्नच नव्हता. पॉममध्ये जे लिहिलंय ते मेव्हन असलेल्या कुठल्याही मशीनवर चाललं पाहिजे, आणि बिल्ड सर्व्हरवर तर कुणीच एक्लिप्स उघडून बसत नाही.

एक्लिप्सची बाजूही सांगते. हा प्रकार एक्लिप्सला मेव्हन जोडणाऱ्या एम-टू-ई १.० पासून आला, ते २०११ मध्ये एक्लिप्स इंडिगोसोबत आलं होतं. एक्लिप्स प्रत्येक सेव्हला थोडं थोडं बिल्ड करतं. अशा वेळी अनोळखी प्लगिन दर सेव्हला चालवला तर तो काय उचापती करेल सांगता येत नाही, म्हणून "याचं काय करू" असं ते विचारतं. विचारणं रास्तच आहे. फक्त उत्तर सगळ्यांच्या फाइलमध्ये लिहायला नको.

आता कुठे ठेवायचं. क्विक फिक्सच्या यादीत पॉमच्या पर्यायाशेजारीच तो गोल एक्लिप्सच्या प्रेफरन्सेसमध्ये 'इग्नोर' करण्याचा पर्याय असतो. तो घ्या. नाहीतर प्रेफरन्सेस, मेव्हन, लाइफसायकल मॅपिंग्ज इथे जाऊन वर्कस्पेसची मॅपिंग फाइल उघडा आणि त्या तुकड्यातला मॅपिंगचा भाग तिथे लिहा. नुसती लाल खूण डोळ्यांना खुपत असेल तर मेव्हनच्या एरर्स-वॉर्निंग्जच्या पानावर तिची पातळी खाली आणा. टीममध्ये चार जण एक्लिप्सवाले असतील तर ती मॅपिंग फाइल एकमेकांना पाठवा, पाच मिनिटांचं काम आहे.

डॉट-प्रोजेक्ट, डॉट-क्लासपाथ, डॉट-सेटिंग्ज, डॉट-आयडिया या एडिटरच्या स्वतःच्या फाइल, त्यांचं वेगळं सांगायला नको, गिटने वगळायच्या यादीत, म्हणजे गिटइग्नोरमध्ये टाका. आधीच कमिट झाल्या असतील तर नुसत्या इग्नोरने जात नाहीत, गिट आरएम कॅश्ड लावून बाहेर काढाव्या लागतात. इंडेंट किती, टॅब की स्पेस, हे मात्र सगळ्यांचं असतं. त्यासाठी एडिटरकॉन्फिग फाइल कमिट करा, ती बरेच एडिटर वाचतात.

हे माझ्या एकटीचं खूळ नाही, हे सरांना दाखवायचं असेल तर सीमेक या सी, सी++ च्या बिल्डच्या अवजाराकडे बोट दाखवा. २०२० च्या ३.१९ आवृत्तीपासून त्यांनी दोन फाइल वेगळ्या ठेवल्या आहेत, सीमेकप्रीसेट्स सगळ्यांची आणि सीमेकयूझरप्रीसेट्स ज्याची त्याची. दुसरी कमिट करू नये असं त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलंय. बिल्डची अवजारं घडवणाऱ्यांनाच ही भिंत घालावीशी वाटली, तर "काय फरक पडतो" कुठून आलं?

एक गोष्ट मान्य करते. एम-टू-ई १.७ पासून पॉममध्ये त्या प्लगिनच्या एक्झिक्युशनमध्येच एका ओळीची इग्नोरची सूचना देता येते. मेव्हन ती वाचतच नाही, त्यामुळे बिल्ड मोडत नाही. सगळी टीम एक्लिप्सवर असेल आणि दर नव्या माणसाला प्रेफरन्सेस समजावून थकला असाल तर ती एक ओळ चालेल. मला आवडत नाही, पण चालेल. प्लगिन कोड जनरेट करणारा असेल तर मात्र इग्नोर करू नका, जनरेट होणारे क्लास एक्लिप्सला सापडणार नाहीत. त्यासाठी त्या प्लगिनला एक्लिप्सशी जोडणारा कनेक्टर मिळतो का ते पाहा. आणि वारशाने मिळालेल्या पॉममध्ये तो तुकडा प्लगिनमॅनेजमेंटमध्ये गुपचूप पडलेला असेल, तर रिलीजच्या आदल्या दिवशी त्याला हात लावू नका, नंतर निवांत काढा.

सरांशी वाद घालत बसू नका. एक्लिप्स नसलेल्या मशीनवर कोडचा नवा क्लोन घ्या, एम-टू फोल्डर रिकामा ठेवा, आधी गो-ऑफलाइन आणि मग मेव्हन व्हेरिफाय त्यांच्यासमोर चालवा. पडलं तर एरर त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा, 'फाइंड' आहे की 'ट्रान्सफर'. आणि तुमच्या टीममध्ये कुणी गावातून काम करत असेल, तर त्याच्या नेटला नाव ठेवायच्या आधी ती ओळ वाचा.