नेबर ‘फुल’, तरी रूट गायब

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय सांगलीत, शाखा मिरज, तासगाव आणि विट्याला. सगळीकडे सिस्को राउटर, ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत), एकच एरिया ० (राउटरांचा गट). विट्याचा राउटर बदलल्यापासून तिथलं १९२.१६८.४०.०/२४ सांगलीच्या राउटिंग टेबलमध्ये येत नाही. नेबर (शेजारचा राउटर) मात्र ‘फुल’ (जोडणी पूर्ण) दिसतो, लिंकवर पिंगही जातो. ओएसपीएफ प्रोसेस क्लिअर करून पाहू का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नको. मिरज-तासगावचे चालू रूटही काही वेळ पडतील आणि दोष जिथल्या तिथे राहील. पिंगवरही जाऊ नका. एकाच लिंकच्या दोन टोकांना एकमेकांशी बोलायला ओएसपीएफ लागतच नाही.

सांगलीच्या राउटरवर ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’ चालवा आणि विट्याच्या राउटर आयडीचा एलएसए (राउटर आपल्या लिंक जाहीर करतो ती नोंद) शोधा. त्यात ४०.० नसेल तर चूक विट्यात आहे : ‘नेटवर्क’च्या ओळीत ते लॅन धरलेलं नाही. ४०.० असेल, पण वर ‘ॲडव्ह राउटर इज नॉट-रीचेबल’ असं लिहिलेलं असेल, तर लिंकच्या दोन टोकांचा नेटवर्क टाइप (लिंक दोघांपुरती धरायची की अनेकांत सामाईक) वेगळा आहे. राउटर बदलल्यावर हेच हमखास होतं. जुन्यावर ‘पॉइंट-टू-पॉइंट’ लिहिलेलं असतं, नव्यावर ते राहून जातं आणि इथरनेट पोर्ट आपोआप ‘ब्रॉडकास्ट’ धरतो.

मग नेबर फुल कसा? दोन्ही टाइपचा हॅलो (‘मी आहे’ हा संदेश) १० सेकंदांचा आणि डेड (हॅलो न आल्यास नेबर गेला असं धरायची मुदत) ४० सेकंदांचा, म्हणून जोडणी होते, डेटाबेसही जुळतो. पण एक राउटर म्हणतो ‘माझी लिंक थेट विट्याला’, दुसरा म्हणतो ‘माझी लिंक एका सामाईक नेटवर्कला’. एसपीएफ (सर्वांत कमी खर्चाचा रस्ता काढायचं) गणित करताना समोरच्याच्या एलएसएमध्ये परतीची तशीच लिंक आहे का ते तपासलं जातं. ती सापडत नाही, म्हणून विट्यामागचं सगळंच सोडून दिलं जातं.

‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ दोन्हीकडे पाहा. /३० ची (दोनच राउटरना पत्ते पुरतील अशी) लिंक असल्याने दोन्ही पोर्टांवर ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट’ द्या. बदलताना जोडणी एकदा तुटते. लांबून करत असाल तर विट्याचं टोक आधी बदला.

राउटर रीचेबल आहे, ४०.० ही आहे, तरी टेबल रिकामं असेल तर सांगलीच्या राउटरवर ‘डिस्ट्रिब्यूट-लिस्ट इन’ शोधा. ती एलएसए अडवत नाही, फक्त टेबलात जाणारा रूट अडवते.

(नेबर ‘एक्सस्टार्ट’मध्येच, म्हणजे डेटाबेसच्या देवाणघेवाणीच्या सुरुवातीलाच, अडकला असता तर मात्र एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, पाहायला सांगितलं असतं.)

प्रश्न : स्टॅटिक (हाताने लिहिलेले) रूट ओएसपीएफमध्ये रीडिस्ट्रिब्यूट केले, म्हणजे पुढे कळवायला दिले. १९२.१६८.५.०/२४ बाकीच्या राउटरना दिसतं, १०.२०.३०.०/२४ दिसत नाही. आयओएस (सिस्को राउटरची प्रणाली) जुनं आहे. — एक वाचक, सातारा

उत्तर : ‘रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक’पुढे ‘सबनेट्स’ हा शब्द राहिला आहे. जुनं आयओएस त्याच्याशिवाय फक्त क्लासप्रमाणे पूर्ण असलेली नेटवर्कं पाठवतं. १९२.१६८.५.० हे क्लास सीचं अख्खं नेटवर्क, म्हणून गेलं, १०.२०.३०.० हा क्लास एच्या १०.०.०.०/८ चा तुकडा, म्हणून राहिला. शब्द जोडा, मग ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस एक्स्टर्नल’मध्ये तो लगेच दिसेल.