पुराची रंगीत तालीम गप्पांत का विरते?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या आमच्या कारखान्यात पुराची कागदावरची तालीम (पूर आलाय असं समजून, बसल्या जागी निर्णय घेण्याचा सराव) घेतली. दोन तास चर्चा झाली, निर्णय मात्र एकही नाही. काय चुकलं?

उत्तर : बहुधा सगळी परिस्थिती तुम्ही सुरुवातीलाच सांगून टाकलीत. माहिती तुटक-तुटक यायला हवी. आठ-दहा चिठ्ठ्या आधी लिहा : वेळ, निरोप कुणाचा, द्यायची कुणाला. पहिली, ‘सकाळी ६, राजाराम बंधारा ३९ फूट’, म्हणजे पंचगंगेची इशारा पातळी. मग ‘राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले’. मग ४३ फूट, धोका पातळी. त्यानंतर ‘महामार्ग बंद, रात्रपाळीची बस अडकली’. दर चिठ्ठीला सात-आठ मिनिटं. वेळ संपली की ‘बघू’ चालणार नाही. कुणी काय ठरवलं ते नोंदवहीत जायलाच हवं. नोंदी तालीम चालवणाऱ्या सूत्रधाराने घेऊ नयेत, त्याचं लक्ष घड्याळाकडे आणि माणसांकडे हवं.

दुसरं कारण खुद्द साहेब. ते बोलले की बाकीचे माना डोलावतात. म्हणून मध्येच एक चिठ्ठी : ‘साहेबांचा फोन लागत नाही’. त्यांना सरळ खोलीबाहेर बसवा. (रुसतील, बसू द्या.) एक चिठ्ठी अफवेचीही ठेवा, ‘धरण फुटलं’ अशी, खातरजमा कोण, कुठे करतो ते बघा. मात्र प्रत्येक चिठ्ठीवर ‘फक्त सराव’ ठळक छापा आणि मोबाइल बाहेर ठेवा, नाहीतर तिचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल.

उणिवांची चर्चा त्याच दिवशी, अर्धा तास. प्रत्येक उणिवेपुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख. ‘समिती पाहील’ असं लिहू नका.