जुन्या गाडीचा ब्रेक दाबला की खर्र आवाज येतो. पॅड नवीनच आहेत. डिस्क बदलू की गाडीच काढून टाकू?

गाडी विकायचं दोन दिवस बाजूला ठेवा. आधी एवढं सांगा, चार महिन्यांपूर्वी पॅड (ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्हीकडून आवळणाऱ्या पट्ट्या) बदलले तेव्हा निघालेले जुने पॅड तुम्ही हातात घेऊन पाहिले होते का? पुढच्या दोन्ही चाकांचे चारही? गाडी 14 वर्षांची आहे, आवाज पुढून डावीकडून येतो, गॅरेजवाले आता डिस्क बदला म्हणताहेत आणि घरचे 'जुनी झाली, काढून टाका' म्हणताहेत, हे सगळं तुम्ही लिहिलंय. जुन्या पॅडबद्दल एक शब्द नाही. मीसुद्धा ते पाहिले नव्हते, आणि त्याची शिक्षा डिस्कला भोगावी लागली. म्हणून एवढं लांब लिहिते आहे.

आमची गाडी बाबांची. 11 वर्षं त्यांनी एकहाती चालवली. गाडीत जरा वेगळा आवाज आला की रेडिओ बंद, काचा खाली, आणि एखाद्या लांब भिंतीच्या कडेने गाडी हळूहळू न्यायची, ही त्यांची पद्धत. भिंतीवर आपटून आवाज परत कानावर येतो, त्यामुळे उघड्यावर जो ऐकू येत नाही तो तिथे स्वच्छ येतो. मग गाडी वळवून दुसरी बाजू भिंतीला. दोन फेऱ्यांत डावं की उजवं हे कळतं. मी शेजारच्या सीटवर बसून हे लहानपणापासून पाहिलंय.

बाबा गेल्यावर गाडी पाच महिने जागेवर उभी राहिली आणि मग माझ्याकडे आली. दादाचं मत पहिल्या दिवसापासून एकच: विकून टाक. माझं म्हणणं, चालतेय तोवर चालवीन. वाद असा धुमसत असतानाच आवाज सुरू झाला. आधी अगदी बारीक, 'स्स्स' असा, ब्रेक हलका दाबल्यावरच. दोन-तीन आठवड्यांत त्याची करकर झाली आणि मग खर्र. मी गाडी भिंतीकडेने नेली. पुढचं डावं चाक, शंकाच नव्हती.

दादा आला, चाकाच्या आऱ्यांमधून मोबाइलचा टॉर्च मारून म्हणाला, "पॅड तर अर्ध्याहून जास्त आहेत. म्हणजे आतलं काहीतरी मोठं गेलंय. जुन्या गाडीचं हे असंच असतं." त्याने पाहिलं ते खोटं नव्हतं. बाहेरचा पॅड खरंच जाड होता. आतला दिसतच नाही, चाक काढल्याशिवाय.

गॅरेजमध्ये दिली. पुढचे पॅड बदलले, आवाज गेला, मी खूश. साडेतीन महिन्यांनी तोच आवाज, त्याच चाकातून. आता सांगण्यात आलं की डिस्क गेली, कॅलिपरही (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) बदलून घ्या, आणि एवढ्या जुन्या गाडीत हे चालायचंच. दादाने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "मी काय म्हणत होतो?"

ते 'चालायचंच' मला फार लागलं. तीन महिन्यांत नवा पॅड संपतो, ते काही वयामुळे नसतं. पॅडला गाडीचं वय माहीत नसतं. पॅड झिजतो तो घासल्यामुळे, आणि एकाच चाकात इतक्या लवकर झिजला तर तिथे ब्रेक सोडल्यावरही काहीतरी घासत राहिलंय. एवढा साधा विचार कोणीच का करत नव्हतं?

रविवारी सकाळी मी चाक काढलं. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, वरची एक आणि खालची एक. पॅड बदलताना सहसा खालच्या पिनेचा बोल्ट काढतात आणि कॅलिपर वरच्या पिनेवर फिरवून दारासारखा उघडतात. पॅड काढा, पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे दाबा, नवे पॅड बसवा, कॅलिपर खाली, बोल्ट घट्ट. खालची पिन मात्र आपल्या भोकात आहे तशीच राहते. कोणी मुद्दाम ओढून पाहिली नाही तर ती जाम आहे हे कळायचा प्रश्नच येत नाही.

मी ओढून पाहिली. वरची पिन दोन बोटांनी बाहेर आली, ग्रीसने ओली. खालची हलेना. तिचं रबरी बूट, म्हणजे वरचं आवरण, एका बाजूला चिरलेलं होतं, नखाएवढी चीर, आणि तिथून पाणी शिरून आत गंज धरला होता. गंज सोडवायचं तेल मारलं, थांबले, पाना लावून थोडं इकडे थोडं तिकडे असं फिरवत राहिले. पाऊण तासाने पिन सुटली ती तपकिरी भुकटी घेऊनच.

आणि पॅड. बाहेरचा जवळजवळ नवा. आतला एका टोकाला साधारण 3 मिलिमीटर, आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, नुसतं चकाकतं लोखंड. उतरत्या छपरासारखा तिरका झिजलेला. डिस्कची बाहेरची बाजू आरशासारखी गुळगुळीत आणि आतल्या बाजूवर नखाला लागतील असे गोल चर. दादा टॉर्च घेऊन ज्या बाजूला पाहत होता तिथे दोष नव्हताच.

असं का होतं ते लक्षात घ्या, कारण तुमच्याकडे हेच असण्याची शक्यता बरीच आहे. अशा कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट जोराने सगळा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन जाम झाली की सरकणं संपलं. सगळी झीज आतल्या पॅडवर येते, आणि ब्रेक सोडल्यावर तो नीट मागेही हटत नाही, घासत राहतो. नवे पॅड टाकले की आवाज जातो, कारण नव्या पॅडवर मटेरियल असतं. ते संपलं की पुन्हा लोखंडावर लोखंड. तुमचं 'चार महिन्यांपूर्वी बदलले' वाचल्यावर मला आमची पिनच दिसली.

आता डिस्कचं. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या फुगीर भागावर बहुतेक वेळा किमान जाडी कोरलेली असते. आमच्या डिस्कवर 20 मिलिमीटर होती. मापायची ती पॅड जिथे घासतो तिथे. कडेला न झिजलेला काठ उरतो आणि व्हर्नियर त्याच काठावर अडकून जाडी जास्त दाखवतो. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मापा आणि नाण्यांची जाडी वजा करा. आमची भरली 19.7. म्हणजे डिस्क खरंच बदलायची झाली होती, तेवढं गॅरेजवाल्यांचं बरोबर होतं. मी दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड बदलले, दोन्ही बाजूंच्या पिना आणि रबरं नवी टाकली, पिनांना ब्रेकसाठी मिळतं ते सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. कॅलिपर बदलावा लागला नाही. पिस्टन हाताच्या दाबाने सरळ आत जात होता, मग तो कशाला बदलायचा?

पण ती डिस्क पहिल्या खेपेलाच पिन ओढून पाहिली असती तर वाचली असती. हे मी दादालाही सांगितलं, दोन्ही पॅड त्याच्या हातात देऊन. त्याने लोखंड उघडं पडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ठीक आहे, पण अशी किती वर्षं पुरणार?" तो वेगळा प्रश्न आहे. आवाजाचं कारण विचारलं तर कारण सांगावं, वय सांगू नये. 'जुनी झाली' म्हणून दोष सापडत नाही, फक्त शोधणं थांबतं. आमच्या घरात याच दोन शब्दांवर एक चांगली गाडी जवळपास गेली होती.

तुमचा आवाज वेगळा निघाला तर? रात्रभर पावसात उभी राहून सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर येते आणि जाते, तो डिस्कवरचा गंज, सोडून द्या. थांबता थांबता शेवटच्या क्षणी चीं असं किंचाळणं म्हणजे पॅड आणि डिस्क थरथरताहेत. पॅडमागची शिम (पातळ पत्रा) नाही, पॅड धरणारी क्लिप जुनी आहे किंवा पॅड तापून काचेसारखा झालाय. त्रासदायक आहे, बहुतेक वेळा धोक्याचं नाही. काही पॅडना लोखंडाची एक बारीक जीभ असते, मटेरियल 2-3 मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकून मुद्दाम ओरडते. तो इशारा आहे, महिनाभर ऐकत बसायचा नाही. ब्रेक दाबताना एकदाच ठक्, आणि रिव्हर्समध्ये ब्रेक दाबल्यावर पुन्हा ठक्, असं असेल तर लोअर आर्मचं बुश (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचं रबर) किंवा कॅलिपरचा सैल बोल्ट बघा. बोल्ट सैल असेल तर त्याच दिवशी घट्ट करून घ्या. घूं असा आवाज वेगाबरोबर वाढतो, वळणावर कमीजास्त होतो आणि ब्रेकशी त्याचा संबंध दिसत नाही, तर ते बेअरिंग. आणि आवाज पुढचा की मागचा असा घोळ असेल तर मोकळ्या जागी अगदी हळू चालवत, बटण दाबून ठेवून हँडब्रेक थोडा ओढा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवरच लागतो. तेव्हाही आवाज आला तर मागे ड्रम (डिस्कऐवजी असणारे बंद डब्यासारखे ब्रेक) असतील ते उघडावे लागतील. तिथे लायनर (पॅडसारखा घासणारा थर) आणि स्प्रिंगा बघतात, आणि तो थर दाबणारा व्हील सिलिंडर गळतोय का, हेही बघतात. उघडल्यावर ती काळी धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

पिन जाम असल्याची एक खूण चाक न काढताही मिळते. फारसे ब्रेक न लावता वीसेक मिनिटं गाडी चालवा, थांबा आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल तर तिथे काहीतरी घासतंय. पिन असेल, पिस्टन असेल, किंवा जुन्या गाड्यांत ब्रेकची रबरी नळी आतून फुगून ब्रेक ऑइल परत येऊ देत नाही, ते असेल. तिन्ही ठिकाणी नुसते पॅड बदलून काही होत नाही.

हे आधी लिहायला हवं होतं: खर्र आवाज लोखंडाचा असेल, पेडल खाली जात असेल किंवा ब्रेक ऑइल कमी झालं असेल, तर गाडी चालवून तपासत बसू नका, उभी करा. घरी चाक काढणार असाल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली स्टँड लावा आणि मागच्या चाकांना अडण लावा. कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. हात बसलेला नसेल तर मोजणी स्वतः करा आणि खोलणं मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभं राहून, आणि दोन्ही पिना बाहेर काढून दाखवायला सांगा. आमच्या पहिल्या गॅरेजवर मी चिडले होते, तरी दुसऱ्या ठिकाणी मला असा माणूस भेटला ज्याने न सांगता पिना काढून पुसल्या. असेही असतात.

विकायचं म्हणाल तर ब्रेकसाठी नक्कीच विकू नका. ब्रेकच्या लोखंडी नळ्या किंवा खालची चासी गंजून खाल्ली गेली असेल तर मात्र तुमच्या घरच्यांचं ऐका. ते मी दादालाही मान्य केलंय.

तुम्ही चारही पुढच्या पॅडची जाडी मापून लिहा, आतली आणि बाहेरची वेगवेगळी, दोन्ही टोकांना. मग डिस्कचं बोलू.