धूर झाला तरी मास्क का नाही पडले?

प्रश्न : ताई, मध्यंतरी दिल्लीला जाताना विमानात जळका वास यायला लागला, मागच्या बाजूला धूर पण दिसला. एअर होस्टेस सिलिंडर घेऊन पळत गेल्या. लोक ओरडत होते मास्क सोडा, मास्क सोडा, पण मास्क काही पडले नाहीत. नंतर म्हणाले ओव्हनमध्ये काहीतरी जळलं होतं. मास्क बिघडले होते का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : बिघडले वगैरे नव्हते हो, मुद्दाम सोडले नाहीत आणि तेच बरोबर केलं. ते पिवळे मास्क धुरासाठी नाहीतच. केबिनमधलं प्रेशर गेलं, म्हणजे आतली हवा साधारण १४ हजार फुटांवर असते तितकी विरळ झाली, की ते आपोआप पडतात, आणि पायलट खाली सुरक्षित उंचीवर येईपर्यंत १२-१५ मिनिटं तुम्हाला शुद्धीवर ठेवायचं एवढंच त्यांचं काम. त्यात नुसता ऑक्सिजन येत नाही, केबिनमधली हवा पण मिसळते. म्हणजे धुरात तो मास्क लावलात तर धूर आत जाणारच, वर आगीच्या जवळ जादा ऑक्सिजन सोडल्यासारखं होतं. शिवाय बऱ्याच विमानांत हा ऑक्सिजन डोक्यावरच्या छोट्या डब्यात केमिकलने तयार होतो आणि तो डबा चांगलाच तापतो.

पायलटचा मास्क वेगळा असतो, चेहऱ्याला घट्ट बसणारा आणि १०० टक्के ऑक्सिजनचा. धूर म्हटलं की आधी तो चढवायचा, मग एकमेकांशी नीट बोलता येतंय का बघायचं आणि जवळचं विमानतळ धरायचं, कुठून येतोय ते शोधण्यात वेळ घालवायचा नाही. ही घाई का ते १९९८ च्या स्विसएअर १११ वरून कळतं. न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं विमान, कॉकपिटमध्ये विचित्र वास आला, आधी वाटलं एसीचा असेल. वास आल्यापासून साधारण २१ मिनिटांत विमान कॅनडात हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली. छताच्या वर वायरिंगमध्ये ठिणगी पडली होती आणि तिथलं इन्सुलेशन (उष्णता अडवणारं अस्तर) पेटत गेलं. तपासात असंही निघालं की वास येताक्षणी हॅलिफॅक्स गाठायला निघाले असते तरी सुखरूप उतरणं जमलं नसतं! म्हणून नंतर नुसती पायलटची घाई वाढवून भागलं नाही, ते इन्सुलेशनच विमानांतून काढायला लावलं.

आता तुम्ही काय करायचं. खाली वाका, सीटच्या उंचीवर हवा जरा बरी असते, ओला रुमाल नाकातोंडावर धरा, काजळी थोडी अडते (कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, तेव्हा रुमाल आहे म्हणून निवांत बसू नका). आणि विमानात बसल्या बसल्या पुढच्या आणि मागच्या दरवाजापर्यंत किती सीटच्या ओळी आहेत ते मोजून ठेवा, कारण धुरात दिसत नाही, हाताने सीटा चाचपडत जावं लागतं. १९८३ मध्ये एअर कॅनडाचं डीसी-९ विमान टॉयलेटच्या बाजूने धूर येत असताना अमेरिकेत सिनसिनाटीला उतरलं. ४६ जण होते. दारं उघडल्यावर दीडेक मिनिटात ताजी हवा मिळून आतलं सगळं एकदम पेटलं, २३ गेले. सीटांखाली लागणारे जमिनीवरचे दिवे आणि टॉयलेटमधले स्मोक डिटेक्टर त्यानंतर सक्तीचे झाले.

प्रश्न : विमानात सिगारेट बंद, मग टॉयलेटच्या दारावर ॲशट्रे कशाला? गंमत म्हणून? – एक वाचक, सांगली

उत्तर : गंमत नाही, नियम आहे. बंदी असली तरी ओढणारा ओढतोच आणि मग घाबरून थोटूक कुठे टाकतो, तर हात पुसलेल्या कागदांच्या डब्यात. १९७३ साली व्हारिग या ब्राझीलच्या कंपनीचं बोइंग ७०७ विमान पॅरिसजवळ टॉयलेटमधल्या आगीमुळे शेतात उतरवावं लागलं, १२३ जण गेले, त्यातले बहुतेक धुराने. संशय थोटकावरच होता. त्यापेक्षा ॲशट्रे असलेली बरी.

प्रश्न : पॉवर बँक चेक-इन बॅगेत का टाकू देत नाहीत? धोकादायक आहे तर माणसांजवळ का ठेवायची? – एक वाचक, ठाणे

उत्तर : माणसांजवळ असते म्हणूनच! खाली बॅगेत पेटली तर बघायला कोणी नाही, वर तुमच्यासमोर पेटली तर निदान कळतं. जानेवारी २०२५ मध्ये कोरियात एअर बुसानचं विमान जमिनीवरच असताना वरच्या रॅकमधून आग लागली, माणसं सगळी बाहेर पडली, विमानाचा वरचा भाग जळून गेला, संशय पॉवर बँकेवर. म्हणून ती रॅकमध्ये कोंबू नका, समोरच्या खिशात दिसेल अशी ठेवा.

फोन किंवा पॉवर बँक धुमसायला लागली तर क्रू आधी हॅलोनने (आग विझवायच्या सिलिंडरमधला गॅस) ज्वाळा विझवतात, पण हॅलोनने बॅटरी गार होत नाही, आतले सेल एकामागून एक तापत राहतात, मग भरपूर पाणी ओततात. पाणी नसेल तर ज्यूस, सोडा असं काहीही चालतं, फक्त दारू नको. बर्फ मात्र नाही, त्याने उष्णता आत कोंडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढेमागे करून शोधायला जाऊ नका, चिरडला की बॅटरी फुटते. बेल दाबा, क्रूला नक्की कोणत्या सीटखाली ते सांगा.

प्रश्न : पावसाळ्यात मुंबईला विमान उभं असतं तेव्हा आत वरून पांढरा धूर येतो, आईला फार भीती वाटते. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आईंना सांगा ती वाफ आहे, दमट हवेत एसीची गार हवा आली की धुकं होतं, थोड्या वेळात जातं. हुंगून बघा, त्याला वास नसतो. जळल्यासारखा, प्लॅस्टिकसारखा वास आला तर मात्र शेजाऱ्यांशी चर्चा करत बसू नका, लगेच बेल दाबा, वाफच निघाली तरी कोणी रागवत नाही.