पोर्ट ब्लेअरला मुक्काम ठेवून एका दिवसात कुठे जाऊन येता येईल?

धुळ्याहून म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन निघताय, पोर्ट ब्लेअरला (२०२४पासून श्री विजयपुरम) चार दिवस एकाच हॉटेलात राहायचंय आणि रोज संध्याकाळी परत यायचंय, असं तुम्ही विचारलंय. मी जळगावची. आई आणि सासूबाईंना घेऊन फेब्रुवारीत गेले होते. दोघींचे गुडघे दुखरे, त्या हिशेबानेच सांगते.

सगळ्यात आधी उठण्याची वेळ बदला. अंदमान इतकं पूर्वेला आहे की हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच सूर्य बुडतो. आपल्यासारखं दहाला नाश्ता करून निघालात तर दिवस हातचा गेला.

पहिल्या दिवशी रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोटीने वीसेक मिनिटं. इंग्रजांचा कारभार इथूनच चालायचा, आता नुसते अवशेष उरलेत. आपल्याकडे पडक्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ रुजतो ना, तशा तिथे भिंतीच्या भिंती मुळांनी कवटाळल्यात. एका ठिकाणी मनगटाएवढं मूळ विटांच्या मधून गेलेलं. चुना कधीच गळून गेलाय, तरी विटा त्या मुळाने धरून ठेवल्यात. आई तिथे बराच वेळ हात लावून उभी होती. दुपारी सेल्युलर जेल. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे सावकाश चढू द्या. सासूबाईंनी चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यावर डोकं टेकवलं. मग आम्ही कोणीच बोललो नाही.

जॉली बॉय बेटासाठी वंडूरहून बोट मिळते. प्रवाळ बघायचे तर इथेच बघा. पण बेटाला धक्का नाही. मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या लहान बोटीत उतरावं लागतं, ती हलत असते. वडिलांचा तोल जात असेल तर त्यांना नेऊ नका. वनखात्याचा परवाना आधी काढा. प्लास्टिक चालत नाही, म्हणून स्टीलच्या बाटल्या आणि डबे घरूनच न्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पावसाळ्यात हे बेट बंद असतं.

बाराटांगची चुनखडीची गुहा सुंदर आहे, खाडीतून खारफुटीखालून जाणारी बोट तर फारच. पण पहाटे चारला निघावं लागतं आणि शेवटी दीडेक किलोमीटर चालणं आहे. शिवाय रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "दिसले तर सांगतो हं." आईने त्याला लगेच अडवलं, "नको बाबा. कोणाच्या अंगणातून चाललोय आपण, माना खाली घालून जाऊ." जारवा दिसतील म्हणून जात असाल तर कृपा करून जाऊ नका.

राहिला चिडिया टापूचा समुद्रकिनारा, पंचवीसेक किलोमीटर. विमानाच्या आदल्या दिवशी ठेवा, म्हणजे दगदग होत नाही. सूर्यास्तासाठी साडेचारपर्यंत पोचा आणि टॉर्च घ्या, झाडांखाली अंधार झटकन पडतो.