सायकल स्टँडची पायरी

प्रिय मावशी,

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा कला-वाणिज्य महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवते. वय ३१. विद्यार्थी साडेचारशेच्या आसपास, त्यात मुली जास्त. यंदा प्राचार्यांनी विद्यार्थी कल्याणाचं काम माझ्याकडे दिलं आणि मी ते मनापासून अंगावर घेतलं. २१ जूनला योग दिन केला. सप्टेंबरात हिमोग्लोबिन तपासणी ठेवली, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनासाठी जळगावहून तज्ज्ञ बोलावले. ध्यानाचं सत्र झालं, ताणतणावावर व्याख्यान झालं, ‘मनातलं बोला’ अशी पेटीसुद्धा ठेवली. पेटीत तीन महिन्यांत तीन चिठ्ठ्या आल्या. दोन कोऱ्या, आणि एकीवर ‘मुलींच्या बाथरूमला कडी नाही’. कुणाचा तास बुडू नये म्हणून कार्यक्रम बाराला, तास संपले की लगेच ठेवते. तरी मुली येत नाहीत. सायकल स्टँडच्या पायऱ्यांवर डबे खात बसलेल्या असतात, शिपाईमामांना पाठवून उठवून आणावं लागतं. आल्या तरी सव्वा वाजला की चुळबुळ सुरू, आणि पाहुणे बोलत असतानाच निघून जातात. सीनिअर म्हणतात, बॅनर लाव, फोटो काढ, अहवाल दे, कशाला जीव काढतेस? मला तसं उरकायचं नाही. पण ह्या मुलींना स्वतःचं भलं कळत नाही, एकमेकींत मिसळायलाही नको असतं, ह्याचं फार वाईट वाटतं. मी कुठे कमी पडते?

– अनास्थेला कंटाळलेली

अगं,

तुझं पत्र वाचताना मी एका ओळीवर अडकले ती अडकलेच. व्याख्यानं, पेटी, सहकाऱ्यांचं बोलणं, सगळं तू सविस्तर लिहिलंस. आणि मध्येच, जाता जाता, लिहून गेलीस की मुलींना डबा खाताना उठवून आणावं लागतं.

जेवत्या माणसाला उठवत नाहीत गं. आपल्या खानदेशात दारात वसुलीवाला आला तरी ‘जेवण चालू आहे, बसा जरा’ म्हणतात, आणि तो बसतो. तू तर त्यांचं कल्याण करायला निघालीस, आणि सुरुवात त्यांच्या हातातला घास थांबवून केलीस. मला तुझा राग आला. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

त्या मुली घरून किती वाजता निघतात, माहीत आहे तुला? तास बाराला संपतात म्हणजे कॉलेज सकाळचं. पाड्यावरची नाहीतर आडगावची मुलगी पहाटेची एसटी धरणार. त्याआधी पाणी भरणं, झाडलोट, भाकरी थापणं. कापसाचे दिवस असतील तर आई उजाडताच वेचणीला गेलेली, मग घरादाराच्या भाकरी हिच्याच गळ्यात. अशी मुलगी घोटभर चहावर निघते. तिचा दिवसातला पहिला घास बारा वाजता, त्या पायरीवर. आणि नेमके तेव्हाच तुझे शिपाईमामा येतात, ‘चला, मॅडमनी बोलावलंय.’

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका कॉलेजात पाहुणी म्हणून गेले होते. माझ्याआधी योगशिक्षकांचं सत्र होतं. तिसऱ्या रांगेत एक मुलगी उजवा हात अंगापासून लांब धरून बसली होती. बोटं फाकलेली, ओढणीला लागू नयेत म्हणून. बोटांना मिरचीच्या ठेच्याचं तेल होतं, जेवता जेवता उठवून आणली असणार. सरांनी सांगितलं, तळहात एकमेकांवर घासा आणि ती ऊब डोळ्यांना द्या. सगळ्या सभागृहानं हात घासले. तिनं उजव्या हाताची मूठ केली, मांडीशी दडवली, आणि नुसता डावा तळहात दोन्ही डोळ्यांवर आडवा धरला. सत्र संपेपर्यंत तिला हात धुवायला उठता आलं नाही. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. माझं भाषण केलं, शाल-नारळ घेतला, घरी आले. एक शब्द बोलले असते तर ती दोन मिनिटांत हात धुऊन आली असती. ती मूठ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून तुझ्याशी इतकं कडक बोलते आहे.

आता तुझं दुसरं वाक्य. मुलींना एकमेकींत मिसळायला नको असतं म्हणतेस. मग पायरीवर त्या काय करत असतात?

मी कॉलेजला धरणगावहून अमळनेरला जायचे, भुसावळ-सुरत पॅसेंजरनं. आम्ही सहा-सात जणी एकाच डब्यात चढायचो आणि परतीच्या गाडीत जेवायचो. एकीनं कळण्याची भाकरी आणलेली, दुसरीकडे वांग्याचं भरीत, कुणाकडे नुसता कांदा. आमच्यातली एक मैत्रीण डबा कधी पुरता उघडत नसे. झाकण जरासं वर करायची, आत हात घालायची आणि खिडकीबाहेर बघत खायची. आम्हाला वाटलं, लाजते. एक दिवस गाडीचा धक्का बसला आणि तिचा डबा खाली पडला. आवाज आला तो रिकाम्या डब्याचा. त्यात काही नव्हतं. किती दिवसांपासून नव्हतं, कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे डबे एका कापडावर पालथे व्हायला लागले. ज्याला जे हवं त्यानं ते घ्यायचं. कुणाच्या डब्यातून काय आलं आणि कुणाच्या डब्यातून काहीच आलं नाही, हे कळायची सोयच राहिली नाही. हे आम्ही आपसांत ठरवलंसुद्धा नव्हतं. झालं.

तुझ्या सायकल स्टँडवर ह्याच्यातलं काहीतरी रोज घडत असणार. कुणाचं लग्न ठरवायला निघालेत, कुणाचा बाप पिऊन येतो, कुणाची पाळी दोन महिने आलेली नाही आणि ती घाबरली आहे, कोण परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे नाहीत म्हणून कॉलेज सोडणार आहे, हे त्या भाकरीबरोबर बोललं जातं. तू ज्याला सामुदायिक कार्यक्रम म्हणतेस तो तिथे आधीच चालू आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधायला कुणी परिपत्रक काढतं का? माहेरवाशिणी जमतात, गाणी सुरू होतात. तू मात्र रोज भरणारी ही बैठक माणूस पाठवून मोडतेस, आणि मुलींना खुर्च्यांवर एकीमागे एक बसवून वर पाहुण्यांकडून ऐकवतेस की मन मोकळं करा.

पेटीतल्या चिठ्ठीचं काय केलंस? तू ते हसण्यावारी नेलेलं दिसतंय, म्हणून विचारते. कडी बसली का? ज्या बाथरूमला कडी नाही तिथे मुली जात नाहीत. जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, डोकेदुखी, पाळीच्या दिवसांत घरीच राहणं. तीन महिन्यांत एका मुलीनं तुझ्यावर भरवसा ठेवून अगदी खरी गोष्ट लिहिली, आणि तुझ्या लेखी पेटी रिकामीच राहिली. पायरीवर बसली असतीस तर हे तुला जूनमध्येच कळलं असतं.

आणि ती हिमोग्लोबिनची यादी? तपासणी झाली, आकडे लिहिले गेले, फोटो निघाला, यादी अहवालाला जोडली. त्या मुलींना कुणी सांगितलं का की बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत, शंभरात ५४ जणींत, तो निघाला होता. तुझ्या यादीत वेगळं काय असणार? तुझ्या व्याख्यानात डुलक्या घेणारी मुलगी आळशी नसेल, तिचं रक्त ९ वर असेल. जेवण सोडून उठवलेल्या मुलीला तू ताणमुक्तीचे पाच उपाय सांगत होतीस. एक गोष्ट मात्र सांभाळ. सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, पावरा-भिल्ल घरांतून तर आहेच. म्हणून हिमोग्लोबिन कमी आलं की सरसकट लोहाच्या गोळ्या वाटत सुटू नकोस. यादी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, कमी निघालेल्यांची सिकलसेलची तपासणी करून घे, गोळ्यांचं डॉक्टर ठरवतील. आणि गोळी सुरू झालेल्या मुलींना सांग, ती चहाबरोबर घ्यायची नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. जेवताना लिंबू पिळून घ्यायचं.

सव्वा वाजताची चुळबुळ तर तुला कळायलाच हवी होती. दीडची एसटी असणार. ती चुकली की पुढची चारला, नाहीतर पाचला. उशिरा पोचलेल्या मुलीला घरात दहा प्रश्न. दोन-तीनदा असं झालं तर ‘बस झालं कॉलेज’ म्हणायला घरचे टपलेलेच असतात. ती पाहुण्यांचा अपमान करत नाही. आपलं शिक्षण वाचवायला पळते.

तुझी नोकरी कच्ची आहे, फाइल भरली नाही तर पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही ह्याची भीती आहे, ते मला कळतं. अहवाल दे, फोटोही दे. त्यावर मी अधिक बोलत नाही.

पण तुला उरकायचं नाही असं तू स्वतः लिहिलंस, आणि त्यावर माझा विश्वास बसला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते, वसतिगृहही सांभाळत होते. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या आवरून ठेवायचे, विस्कटलेले कपडे घडी करायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे. मुलांना जे हवं होतं ते खोलीत जाऊन बघितल्याशिवाय त्यांना कळलं नसतं. एनएसएसच्या बॅनरवर तू ‘मी नव्हे, तर तुम्ही’ हे ब्रीद छापून घेतेस ना? मग एकदा तरी त्यांच्याकडे जा.

तर ऐक. सोमवारी बाराला कार्यक्रम ठेवू नकोस. शिपाईमामांना कुठेही पाठवू नकोस. तुझा डबा तू कुठे खातेस ते पत्रात नाही, स्टाफरूममध्ये खात असशील. सोमवारी तो उचल आणि सायकल स्टँडच्या पायरीवर जाऊन बस. सगळ्यांत खालच्या पायरीवर, मध्ये नाही, कडेला. रजिस्टर नको, मोबाइल पर्समध्ये राहू दे. पहिल्या दिवशी त्या गप्प होतील. एखादी उठून उभी राहील, ‘मॅडम, काही काम होतं का?’ तू म्हण, ‘नाही गं, भूक लागली.’ एवढंच. दुसऱ्या दिवशीही जा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ‘मॅडम, बठा ना इथं’ म्हणून जागा करेल, आपला डबा पुढे सरकवेल. घे त्यातलं. नको म्हणू नकोस, आणि खाऊन झाल्यावर उपदेश करू नकोस.

पंधरा दिवस असंच जा. ह्या पंधरा दिवसांत त्यांना काहीही शिकवायचं नाही. कोण डबा पुरता उघडत नाही तेवढं बघ. तिला कार्यालयात बोलावू नकोस, सगळ्यांसमोर विचारू नकोस. तुझ्या डब्यात दोन भाकरी जास्त ने, आणि ‘माझ्याच्यानं संपत नाहीत’ म्हणून मध्ये ठेव. एखादी मुलगी फारच गप्प झाली, जेवणावरून मन उडालं, ‘जगून काय करायचं’ असं बोलू लागली, तर मात्र त्याच दिवशी तिच्याबरोबर बस आणि टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुझ्याच फोनवरून लाव. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तिच्या हातात नंबराची चिठ्ठी देऊन मोकळी होऊ नकोस.

कडी मात्र पंधरा दिवस थांबायची नाही. ती सोमवारी सकाळी, तास सुरू व्हायच्या आधी बसव. प्राचार्यांच्या सहीची वाट बघू नकोस, हार्डवेअरच्या दुकानातून स्वतः घेऊन जा, मामांना स्क्रू पिळायला सांग. त्यांनाही मुलींना उठवण्यापेक्षा ते काम आवडेल.

आणि डब्यात काहीतरी ओलं ने. वरण ने, नाहीतर शेवभाजीचा रस्सा, जरा मोठ्या डब्यात. सकाळी थापलेली भाकरी बारापर्यंत कडक होते, कुणाकडे कालवण असेलच असं नाही.

– तुझी मावशी